दारूखान्यातले टोइंगचे सामान : जुने लष्करी ट्रक सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून

सैन्याने निकामी ठरवून लिलावात काढलेले ट्रक आणि ट्रेलर बाळगणारी मंडळी मुंबईत आणि तिच्या आसपास फार नाहीत. काही जण ते चित्रीकरणासाठी भाड्याने देतात, काहींना खाणीवरच्या किंवा शेतावरच्या कामासाठी चारही चाके ओढणारी गाडी हवी असते, आणि काही जण निव्वळ हौसेपोटी हा हत्ती दारात झुलवतात. जबलपूरला १९५९ ते १९९६ या काळात जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याखाली तयार झालेला शक्तिमान असो, निस्सानचा एक टनी असो की अशोक लेलँडचा स्टॅलियन असो, इंजिनाचा किंवा गिअरबॉक्सचा सुटा भाग कुर्ल्याच्या बाजारात हुडकून, नाहीतर लेथवर करून घेऊन कसाबसा जमवता येतो. खरी अडचण येते ती गाडी वाटेत बंद पडल्यावर किंवा चिखलात बसल्यावर. नेहमीचा टोइंगवाला मोटारींच्या हिशेबाचे सामान घेऊन येतो; हायड्रावाला, म्हणजे फिरत्या क्रेनवाला, गाडीचे तोंड उचलू शकतो, परंतु ती लांबवर ओढून नेणे हे त्याच्या यंत्राचे काम नव्हे. त्यामुळे आपले सामान आपल्याकडे असलेले बरे, या निष्कर्षाला प्रत्येक जण कधी ना कधी येतो, आणि नव्या सामानाचे भाव ऐकले की त्याची पावले रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, दारूखान्याच्या जहाजभंगार बाजाराकडे वळतात.

या बाजाराचे परीक्षण मी केवळ या एका गरजेपुरते करणार आहे, आणि माझे मत आधीच सांगून टाकतो. घडीव लोखंडी वस्तूंसाठी, म्हणजे शॅकल (आडव्या पिनने बंद होणारी कमानदार कडी) आणि कप्प्यांसाठी, मुंबईत या बाजाराला तोड नाही. साखळ्या आणि चेन कुप्पी (हाताने साखळी ओढून वजन उचलण्याचे यंत्र) तपासून घेण्याची तयारी असेल तरच घ्याव्यात. तारेचा दोर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी तिथून घेऊ नये.

दारूखान्यातला माल येतो तो तोडलेल्या जहाजांतून. गुजरातेत अलंगला १९८३ मध्ये जहाजतोडणी सुरू झाल्यापासून मोठी जहाजे तिकडेच जाऊ लागली, तरी बार्ज, टग आणि लहान जहाजे इथे किनाऱ्याला लागत राहिली. १९७१च्या युद्धातली विमानवाहू विक्रांत २०१४ मध्ये इथेच तोडायला घेतली गेली, त्यामुळे लष्करी वस्तूंचे वेड असलेले काही लोक इथे नौदलाच्या खुणा शोधत फिरताना दिसतात. त्यांना ते लखलाभ असो. आपल्या कामाचा माल बहुतेक वेळा साध्या मालवाहू जहाजावरचा असतो आणि तो तसाच असलेला चांगला, कारण अशा जहाजाला आपली उचल-यंत्रणा ठरावीक मुदतीने तपासून घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या गोदीकामाविषयीच्या करारानुसार, आणि आपल्याकडे २०२५पर्यंत लागू असलेल्या १९८६च्या गोदी कामगार सुरक्षा कायद्याखाली, अशा साहित्याची दरवर्षी कसून पाहणी व्हावी लागते. त्यामुळे जहाजावरून उतरलेल्या शॅकलच्या अंगावर बहुधा कारखान्याची खूण, आकार आणि कार्यभार (सुरक्षितपणे पेलता येणारा भार) असतो, आणि पुष्कळदा चाचणीचा क्रमांकही. हार्डवेअरच्या साध्या दुकानातल्या नव्या कोऱ्या शॅकलवर यातले काहीच नसण्याची शक्यता जास्त.

किती ताकदीचे सामान घ्यायचे हे बाजारात जाऊन ठरवायचे नसते. तो हिशेब घरी करून जावा. लष्करी रिकव्हरीत, म्हणजे अडकलेली गाडी सोडवण्याच्या कामात, शिकवला जाणारा आडाखा सोपा आहे. चाके फिरत असतील तर पक्क्या रस्त्यावर गाडीच्या एकूण वजनाचा पंचविसावा भाग, गवतावर सातवा, सैल कोरड्या वाळूत चौथा आणि उथळ चिखलात तिसरा भाग एवढी ओढ लागते. चढ असल्यास प्रत्येक अंशामागे वजनाचा साठावा भाग त्यात मिळवायचा. म्हणजे सामानासकट ८ टन भरणारा ट्रक दहा अंशांच्या चढावर उथळ चिखलातून ओढायचा असेल, तर चिखलाचे सुमारे पावणेतीन टन आणि चढाचे सुमारे सव्वा टन मिळून चार टनांची ओढ पुरते. परंतु तोच ट्रक सपाटीवर का होईना, चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे हबपर्यंत, रुतून बसला असेल, तर त्याच्या पूर्ण वजनाइतकी, म्हणजे आठ टनांची ओढ धरावी लागते. पावसाळ्यात खाडीकाठच्या भरावावर किंवा डोंगरउतारावरच्या चित्रीकरणस्थळी ट्रक कसे बसतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा दुसरा आकडा अतिशयोक्तीचा वाटणार नाही.

आपल्या विंचची (गाडीवरच्या दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) ताकद पाच टनांची असेल, तर इथे कप्पी लागते. अडकलेल्या गाडीला कप्पी लावून दोर तिच्यातून फिरवून परत आपल्या गाडीला बांधला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि घर्षणात थोडी ताकद जाते. अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट पुढेच आहे. दोरावर पाच टन असले तरी त्या कप्पीवर आणि तिला धरणाऱ्या शॅकलवर दहा टन येतात. एक इंची बो (फुगीर कमानीच्या) शॅकलचा कार्यभार साडेआठ टन असतो आणि सव्वा इंचीचा बारा टन. म्हणजे हातात भक्कम वाटणारी एक इंची शॅकल इथे अपुरी आहे. जुन्या लष्करी गाड्यांबरोबर आलेल्या सामानात दोर ठीक आणि शॅकल एक आकार लहान, अशी जोडी मी अनेकदा पाहिली आहे.

आता शॅकलविषयी, कारण दारूखान्यात जाण्याचे मुख्य कारण तेच. गाळ्याबाहेर त्यांचा ढीग असतो, काही गंजलेल्या, काहींना चंदेरी रंग फासलेला. रंग फासलेल्या ढिगापासून सुरुवात करू नये. गंजलेली शॅकल उचलावी, तारेच्या ब्रशने कमानीचा बाहेरचा भाग घासावा आणि रॉकेलच्या फडक्याने पुसावा. घडीव शॅकलवर अक्षरे बहुधा उठावाची असतात आणि ती गंजातूनही बोटाला लागतात. त्यानंतर पिन बाहेर काढावी. ती हाताने फिरत नसेल आणि दुकानातला मुलगा हातोडी घेऊन पुढे आला, तर ती शॅकल तिथेच ठेवून द्यावी, कारण वाकलेली पिन किंवा उघडलेली कमान यांखेरीज पिन अडण्याचे एकच कारण उरते ते गंजाचे, आणि गंज आहे की वाक आहे हे उभ्या उभ्या कळत नाही. हाताने निघालेली पिन सपाट पत्र्यावर लोळवून पाहावी. वाकलेली असेल तर ती थबकत जाते. कमानीच्या आतल्या बाजूला, जिथे दोर किंवा साखळी टेकते, तिथे खोबण पडलेली असते. मूळ जाडीच्या दहा टक्क्यांहून अधिक झीज झाली असेल तर ती वस्तू भंगारातच गेली पाहिजे. यासाठी खिशात कॅलिपर हवाच. शेवटी रंगाकडे पाहावे. जहाज गॅसने कापतात, आणि ज्वाळेजवळ असलेल्या वस्तूवर निळसर-काळे डाग राहतात. अशा तापलेल्या पोलादाची मूळची घडण बिघडलेली असू शकते, म्हणून तो नग कितीही सुबक दिसला तरी सोडावा.

एका गाळ्यात मला मोठ्या आकाराच्या शॅकल दाखवल्या गेल्या, त्यांच्यावर कार्यभाराचा आकडा स्पष्ट होता. फार स्पष्ट होता. गंजाने खड्डे पडलेल्या पृष्ठभागावर आकड्यांच्या कडा मात्र नव्या धातूसारख्या चकाकत होत्या, म्हणजे पंच नुकताच मारलेला होता. दुकानदाराने ‘कंपनीचाच आहे, साहेब’ असे म्हणून विषय बदलला. अशा नगांपासून सावध राहावे एवढेच म्हणतो, कारण त्याच रांगेत दोन गाळे सोडून एका वयस्क दुकानदाराने, मी निवडलेल्या नगांपैकी एक स्वतःहून बाजूला काढला आणि त्याची पिन दुसऱ्या शॅकलची आहे हे दाखवून दिले. बसली तरी ती पिन त्या कमानीची नव्हे, आणि पिनऐवजी नटबोल्ट लावण्याचा विचार तर कुणी मनातही आणू नये. दोन्ही दुकानदार त्याच बाजारातले आहेत, त्यामुळे सगळ्या बाजाराला मिळून एक गुण देता येत नाही.

शॅकल घेतल्यावर ती वापरायची कशी हेही बाजारात कुणी सांगत नाही. तिचा कार्यभार सरळ ओढीसाठी असतो. पंचेचाळीस अंशांच्या कोनात ओढल्यास तो सत्तर टक्क्यांवर येतो आणि काटकोनात निम्म्यावर. रस्त्याच्या कडेला कलंडलेली गाडी नेहमीच तिरकी असते, त्यामुळे हा हिशेब पुस्तकापुरता राहत नाही.

कप्प्यांची निवड त्यामानाने सोपी आहे. जहाजावरच्या मोठ्या ब्लॉकपैकी बाजूची पट्टी उघडणारे स्नॅच ब्लॉक शोधावेत, म्हणजे दोराचे टोक ओवत बसावे लागत नाही. चाकाची खोबण आपल्या दोराच्या जाडीची असावी. रुंद खोबणीत दोर चपटा होतो आणि अरुंद खोबणीत चिणला जातो. चाक हाताने फिरवल्यावर डुलत असेल तर बुश (चाक आणि आस यांमधली नळी) गेलेला आहे, परंतु बुश लेथवर नवा करून घेता येतो, म्हणून घासाघीस करण्यासाठी ही उत्तम जागा आहे.

तारेच्या दोराविषयी इतके कठोर का, असे कुणी विचारील. दारूखान्यात क्रेनचे आणि डेरिकचे दोर वेटोळी करून ठेवलेले असतात, वर ग्रीस चोपडलेले असते आणि भाव किलोचा असतो. बाहेरच्या तुटलेल्या तारा फडका फिरवला की अडकतात आणि मोजता येतात; एका पिळाच्या लांबीत (एक पेड दोराभोवती पूर्ण वेढा घेतो तेवढ्या अंतरात) अशा सहा तारा सापडल्या तर दोर बाद धरण्याची रीत आहे. अडचण आतल्या गाभ्याची आहे. समुद्रावर वर्षे काढलेल्या दोराचा गाभा सुकून आतून गंज धरलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. दोर उलगडून पाहण्याची परवानगी कोणताही दुकानदार देणार नाही आणि उलगडलेला दोर आपल्या उपयोगाचाही राहत नाही. शॅकल मोडते तेव्हा बहुधा ती आधी वाकून सांगते. दोर सांगत नाही, आणि ताणाखाली तुटलेल्या दोराचे टोक माणसाचा पाय नेऊ शकते. म्हणून विंचसाठी नवा, पोलादी गाभ्याचा ६ × ३६ रचनेचा (सहा पेड, प्रत्येकात छत्तीस तारा) दोर नागदेवीच्या बाजारातून कारखान्याच्या प्रमाणपत्रासह घ्यावा. पोलादी गाभा ड्रमवर एकावर एक थर चढले तरी दबत नाही. ओढताना ड्रमवर चार-पाच वेढे राहतील असे पाहावे, दोराच्या मध्यावर जाड गोणपाट किंवा जुनी ताडपत्री टाकावी आणि दोराने केलेल्या कोनाच्या आत कुणालाही उभे राहू देऊ नये, मग तो माणूस दिग्दर्शक असला तरी.

जहाज बांधण्याचे जाडजूड नायलॉनचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोरखंडही इथे ढिगाने मिळतात, आणि ते घेऊन झटक्याने गाडी ओढण्याचे प्रयोग हौशी मंडळी करतात. नायलॉन ताणले जाते आणि तुटल्यावर तीच साठलेली ताकद उलटी येते. वर उन्हाने ते किती खाल्ले आहे हे कळायला मार्ग नाही. ताडपत्री आणि सामान बांधण्यासाठी ते उत्तम आहेत.

साखळी मधल्या वर्गात का बसते ते असे. नांगराची साखळी, जिच्या प्रत्येक कडीत मध्ये दांडा असतो, ती आपल्या कामाची नाही. ती जड आहे, तिला ठरावीक जोडण्या लागतात आणि आपल्या हुकात ती नीट बसत नाही. शोधायची ती ८० दर्जाची मिश्रपोलादी उचल-साखळी, जिच्या कड्यांवर ठरावीक अंतराने ८, ८० किंवा टी अशी खूण असते. त्या दर्जाच्या १० मिलिमीटर साखळीचा कार्यभार ३.१५ टन आणि १३ मिलिमीटरचा ५.३ टन असतो. खूण नसलेल्या साखळीला कोणताही आकडा लावता येत नाही. ही साखळी आणि चेन कुप्पी घेतल्यावर भार-चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नेऊन साखळीला कार्यभाराच्या दुप्पट आणि चेन कुप्पीला दीडपट ताण देऊन घ्यावा. २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या २९व्या कलमात अशा साहित्याची सक्षम व्यक्तीकडून दर बारा महिन्यांनी तपासणी सांगितलेली होती, आणि आपले यार्ड कारखाना ठरत नसले तरी हा नियम पाळण्यात नुकसान काहीच नाही.

टो बार (ओढणारी आणि ओढली जाणारी गाडी जोडणारा ताठ दांडा) मात्र दारूखान्यात घेऊ नये असे माझे मत आहे, जरी जाड पाइप कापून इंग्रजी ए-सारखा सांगाडा तासाभरात वेल्ड करून देणारे कारागीर तिथे आहेत. पाइप चांगला असतो, वेल्डही वरून सुरेख दिसतो. परंतु समोरच्या हुकात जाणारा डोळा पट्टीतून कापलेला असतो, घडवलेला नसतो. लष्करी ट्रेलरचा आणि टो बारचा डोळा ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या पिंटल हुकात (बंद होणाऱ्या जबड्याच्या हुकात) फिरत आणि घासत असतो, म्हणून तो घडीवच हवा. असे हुक आणि डोळे दिल्लीच्या मायापुरीत किंवा पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या लष्करी भंगार बाजारात मिळण्याची शक्यता अधिक. प्रवासखर्च धरूनही तो सौदा परवडतो, कारण गाडी घाटात उतारावर असताना हा एकच तुकडा दोन गाड्यांना धरून असतो.

टो बार कुठूनही आणला तरी ओढण्याआधी गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) सोडावा लागतो. इंजिन बंद असताना चाके फिरली की गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो, खालचा काउंटर शाफ्ट मात्र स्थिर राहतो, तेल उडत नाही आणि वरची बेअरिंगे कोरडी पडून जाम होतात. फ्लँज (शाफ्टच्या जोडावरची चकती) सोडण्याआधी दोन्ही बाजूंना छिन्नीने खूण करावी, म्हणजे शाफ्ट परत त्याच जागी बसतो आणि गाडी थरथरत नाही. एअर ब्रेक असलेल्या गाडीत स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक हवेशिवाय सुटत नाही. तो बोल्टने मागे ओढावा लागतो. ज्या ट्रेलरला असा स्प्रिंगचा ब्रेक नसतो, त्याची हवेची टाकी रिकामी केली की उलट ब्रेक सुटतात, म्हणून त्याआधी चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून घालायची पाचर) लावलेली असली पाहिजे.

ती ओट, आणि जॅकखाली घालायचे ठोकळे, हा रे रोडचा दुय्यम पण खरा लाभ. जहाजांतून निघालेले सागवानी आणि इतर कठीण लाकूड इथल्या लाकूडबाजारात कापून मिळते. पाचरीच्या आकाराची जोडी, दोन लांब फळ्या आणि चौकोनी ठोकळे एवढे घेतले की चिखलातले निम्मे काम विंचला हात न लावता होते. जहाजावरचे बाटली जॅक तेलगळतीसाठी पाहून घ्यावेत. त्यांत सांगण्यासारखे विशेष काही नाही. लष्करी गाड्यांची वीज २४ व्होल्टची असल्यामुळे जहाजातले आणीबाणीचे २४ व्होल्टचे दिवे आणि बल्ब त्यांना थेट चालतात, आणि रात्रीच्या कामासाठी असा एखादा शोधदिवा फार उपयोगी पडतो.

भाव किलोवर असल्यामुळे काट्याकडे लक्ष ठेवावे लागते, आणि निवडून घेतलेल्या नगासाठी किलोमागे जास्त मागतील हे गृहीत धरावे. ते योग्यच आहे. माथाडींची मजुरी आणि टेम्पो वेगळा. सामान फार जड असते आणि गल्ल्या अरुंद, त्यामुळे आपला ट्रक घेऊन जाण्याचा मोह टाळावा. घाईच्या दिवशी किंवा संध्याकाळ होत आली असताना जाऊ नये, कारण शिक्के वाचायला उजेड लागतो. जीएसटीचे बिल मागितल्यावर भाव बदलणारे दुकानदार आहेत, तसेच न मागता बिल देणारेही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या दुकानदाराकडे आणखी एक मागणी करून पाहावी: भार-चाचणीत नापास झालेला नग परत घेऊ, असे बिलावर लिहून द्यावे. हे लिहून देणारे थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांनी किलोमागे चार पैसे जास्त सांगितले तर ते न बोलता द्यावेत.